घडीच्या ट्रेलरातला फुफाटा

सिलिकॉनच्या तीन ट्यूब संपल्या होत्या, छताच्या जोडावर रबराची पट्टी बसवली होती, दाराला वेल्क्रो लावलं होतं. एवढं करून आर्वीकडच्या आमच्या गावाहून चिखलदऱ्याला निघालो आणि घाटाखाली परतवाड्याला पोचून ट्रेलरचं छत उचललं, तर गादीवर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ. डब्यांच्या झाकणांवर धूळ, पाण्याच्या कॅनवर धूळ, घडी घालून ठेवलेल्या टॉवेलच्या आतसुद्धा धूळ.

हा ट्रेलर म्हणजे जीपमागे ओढायची एक बसकी पेटी. मुक्कामाला पोचलं की छत चार कोपऱ्यांच्या दांड्यांवर वर चढतं, दोन्ही टोकांना झोपायच्या फळ्या ड्रॉवरसारख्या बाहेर सरकतात आणि मधल्या भिंती कॅनव्हासच्या असतात. अमेरिकेत याला पॉप-अप कॅम्पर म्हणतात. आमच्या गावची पोरं 'सर्कशीची बंडी' (बंडी म्हणजे बैलगाडी) म्हणतात, आणि ते नाव जास्त बरोबर आहे. घडी होणाऱ्या वस्तूला जोड फार, आणि प्रत्येक जोड ही एक फट.

परत आल्यावर ज्या मिस्त्रीनं पेटी वेल्ड केली होती त्याच्याकडे गेलो. त्यानं सिलिकॉनकडे पाहिलंही नाही, सरळ खाली वाकला. "भाऊ, तुमी उभं राहून जे दिसलं ते बुजवलं. माती तं खालून येऊन राहिली नं."

त्याच्या या वाक्यात बरंच भौतिकशास्त्र आहे. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यानं एसटीनं गेलेल्या कोणालाही विचारा, सगळ्यात पांढरा होऊन कोण उतरतो? मागच्या बाकावरचा. गाडी पुढे चालली आहे, मग धूळ मागे पडायला हवी, ती आत कशी येते? धावत्या गाडीच्या नाकावर हवा आपटते, तिथे दाब वाढतो. पुढच्या कोपऱ्यांना वळसा घालताना तीच हवा वेग घेते, तिथे बाजूला दाब उतरतो. गाडीच्या पाठीमागे हवा पुन्हा नीट जुळत नाही, भोवरे घालत राहते, आणि चाकांनी उडवलेला फुफाटा त्या भोवऱ्यांत अडकून गाडीसोबतच प्रवास करतो. मग पुढच्या खिडक्यांतून आतली हवा बाहेर ओढली जाते आणि तिची भरपाई मागच्या, धुळीनं भरलेल्या हवेतून होते. एसटीत बहुतेक वेळा वारा मागून पुढे वाहतो. पुढच्या वेळी बसाल तेव्हा कागदाचा कपटा सोडून पाहा.

ट्रेलरचं नशीब त्याहून वाईट. तो स्वतःच्या चाकांची धूळ तर खातोच, वर जीपच्या मागचा सगळा लोट त्याच्याच अंगावर. छताच्या जोडातून हवा बाहेर जाते, चाकांच्या खोबणीतून, वायरींसाठी पाडलेल्या भोकांतून, दाराच्या खालच्या कडेतून आत येते. मी वरच्या फटी बुजवत बसलो होतो, म्हणजे बहुतेक बाहेर जाण्याच्या वाटा.

थोडा हिशेब मांडू. ताशी 40 किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा जोर साधारण 75 पास्कल. पेटीच्या दोन बाजूंच्या दाबात त्याचा पाचवा भाग, म्हणजे 15 पास्कल फरक धरला, तर तो पाण्याच्या दीड मिलिमीटर उंचीएवढा. नगण्य वाटतो. पण एवढ्याशा फरकानं फटीतून हवा सेकंदाला जवळपास 5 मीटर वेगानं घुसते. 2 मिलिमीटर रुंद आणि एक मीटर लांब फट असेल, तर फटीतल्या अडथळ्याची वजावट धरूनही मिनिटाला साडेतीनशे लिटरच्या आसपास हवा आत, म्हणजे दोन मोठ्या पिंपांत मावेल त्याहून थोडी कमी. आणि ही हवा पांदणीवरची. वेग दुप्पट केला की दाबाचा फरक चौपट होतो, म्हणून 'लवकर पोचू, धूळ कमी खाऊ' हे गणितात बसत नाही.

उपाय मात्र विदर्भातल्या प्रत्येक घरात आहे. एप्रिल-मेमध्ये खिडकीला कूलर लागतो. कूलर चालू असताना दाराच्या फटीशी उदबत्ती धरा, धूर बाहेर जातो. कूलर ओल्या ताट्यांतून गाळलेली हवा खोलीत ढकलतो, खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहतो आणि प्रत्येक फटीतून हवा बाहेरच निघते. आता कूलर बंद करून फक्त स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट लावा. तीच उदबत्ती, तीच फट, पण धूर आत. फटी तेवढ्याच, धूळ मात्र आता आत. ऑस्ट्रेलियातले लोक लाल मातीच्या रस्त्यांवर कॅरव्हॅन नेतात तेव्हा छतावर पुढे तोंड केलेला, गाळणी लावलेला झरोका बसवतात, तो याच तत्त्वावर. त्यांच्याकडेही कूलर असतात, नाहीतर ही कल्पना त्यांनी आपल्याकडून घेतली असं मी बिनधास्त लिहिलं असतं.

आमचा ट्रेलर घडी केल्यावर जीपच्या टपापेक्षा खाली राहतो, म्हणून त्याच्या छतावर झरोका बसवून उपयोग नव्हता. तिथली हवा जीपनं आधीच घुसळलेली. मिस्त्रीनं भंगारातून ट्रॅक्टरचा प्री-क्लीनर काढला, बॉनेटवर उंच नळीच्या टोकाला बसतो तो. त्यात हवा गरगर फिरते, जड कण बाहेरच्या भिंतीकडे फेकले जातात, हलकी हवा मधून खाली उतरते. चार इंची पीव्हीसी पाइप जीपच्या टपाच्या वर नेला, टोकाला प्री-क्लीनर, खाली कारच्या एसीची कागदी गाळणी. एक गंमत अशी की वेग वाढला की धूळ ओढणारा दाब ज्या वर्गाच्या नियमानं (वेग दुप्पट, दाब चौपट) वाढतो, त्याच नियमानं या पाइपचा दाबही वाढतो. त्यामुळे जिंकणारी बाजू सहसा बदलत नाही.

पण आधी जिंकावं लागतं. चार इंची पाइपच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे 80 चौरस सेंटीमीटर. पेटीचा घेर साडेनऊ मीटर, त्यात सगळीकडे 2 मिलिमीटर फट राहिली तर ती 190 चौरस सेंटीमीटर. म्हणजे पाइपनं दिलेली हवा दुपटीहून मोठ्या भोकातून निसटणार आणि दाब टिकणारच नाही. वर गाळणी आपला वाटा खाते तो वेगळाच. म्हणून सिलिकॉन वाया गेलं नाही, फक्त ते चुकीच्या ठिकाणी होतं. रबर घेताना फोमची साधी पट्टी घेऊ नका. उन्हाळ्यात पत्रा तापतो, दाबलेला फोम तसाच चपटा होऊन बसतो आणि परत फुगत नाही. पोकळ नळीसारखी, कारच्या दाराला असते तशी रबराची पट्टी जास्त टिकते.

मुक्कामाला पोचल्यावर लगेच झाडू नये, हे मी आईकडून नाही तर स्टोक्सच्या सूत्रातून शिकलो. (आई हेच सांगत होती, पण तिला सूत्र नव्हतं.) हवेत 10 मायक्रॉनचा मातीचा कण सेकंदाला साधारण 8 मिलिमीटर खाली येतो, म्हणजे दोन मीटर उतरायला चार मिनिटं. एक मायक्रॉनच्या कणाला तेवढ्यालाच सात तास लागतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि काळ्या मातीतली चिकण दोन मायक्रॉनच्या खालची. कोरडा फडा फिरवला की ती उठते आणि रात्रभर आपल्या नाकाशी राहते. घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्यानं पुसलं की उठत नाही.

पावसाळ्यात मात्र उलटं. वऱ्हाड-यवतमाळची काळी माती दख्खनच्या लाव्ह्यातून झालेली, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टची. तिच्यातल्या माँटमोरिलोनाइट या खनिजाच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं, ती फुगते, आणि एका विशिष्ट ओलीला अशी चिकटते की वावरातून निघालेल्या बंडीचं चाक गोल न राहता मातीचा गोळा होतं. तो चिखल ओला असताना पुसला तर कॅनव्हासच्या विणीत भरतो. वाळू द्यावा. वाळताना तो आक्रसतो, तडकतो, आणि ब्रशनं खपल्या निघतात. भंडारा-गोंदियाकडे गेलं की खेळ वेगळा. तिथल्या जुन्या खडकांच्या मातीत गारगोटीचे कण भरपूर. ती चिकटत कमी, पण खरवडते जास्त. म्हणून सरकत्या फळ्यांच्या रुळांना ग्रीस लावू नये. ग्रीस आणि रेती मिळून घासायचा लेप तयार होतो. मेणबत्ती घासा, पुरे.

घडी करताना आणखी एक चूक सगळेच करतात. रात्री कडुनिंबाखाली थांबलो, सकाळी झोपायच्या फळीवरच्या कॅनव्हासवर पानं, काड्या, पाखरांची घाण. फळी आत सरकवली की तो कॅनव्हास आतल्या बाजूला कोसळतो आणि सगळा कचरा गादीवर. छत खाली घ्यायच्या आधी बाहेरून एकदा झाडून घ्यायचं, एवढंच. ओला असेल तर मोकळा सोडून वाळवायचा. जाड सुती कॅनव्हासचे धागे पाण्यानं फुगून भोकं बुजवतात, हा त्याचा गुण, पण तसाच दुमडला तर दोन दिवसांत बुरशी.

आणि कुसळं. दिवाळीनंतर माळरानावर मुक्काम केला की पायजमा, कॅनव्हास, कुत्रं, सगळ्यांना कुसळी गवत टोचलेलं. मला हा कचऱ्यातला सगळ्यात हुशार प्रकार वाटतो. बियाण्याला टोकदार नाक असतं, नाकावर मागे वळलेले केस आणि पाठीला लांब शेपटी. कोरडेपणात शेपटी दोरीसारखी पिळते, दव पडलं की उलगडते. तिचं टोक गवतात किंवा कापडात अडकलेलं, म्हणून ती पिळ खाताना बीच फिरतं. मागे वळलेले केस परत येऊ देत नाहीत. रोज रात्री ओल, रोज दुपारी ऊन, आणि बी थोडं थोडं आत. जमिनीत स्वतःला पेरून घेण्याची ही सोय, पण कॅनव्हासला ते कळत नाही. कुसळ बाहेरून ओढलं तर केस धागे तोडतात. ते आतल्या बाजूनं, ज्या दिशेला चाललं आहे त्याच दिशेला पक्कडीनं ओढून काढायचं.

दाराचं वेल्क्रो आम्ही शेवटी काढून टाकलं. 1941 मध्ये स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्ट्रालला कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बिया पाहून ते सुचलं. बियांची नक्कल करणारी पट्टी आमच्या माळावर खऱ्या बिया गोळा करत बसली, दोन मुक्कामांत ती चिकटायची बंद झाली. तिथे आता जाड चेन (झिप) आहे.

चिखलदऱ्याच्या दुसऱ्या फेरीआधी मिस्त्रीनं आतून जागोजागी पांढऱ्या धोतराचे तुकडे अंथरायला लावले. घाटाखाली छत उचललं तेव्हा सगळे तुकडे पांढरे होते, फक्त डाव्या चाकाजवळच्या एकावर चार बोटं लांब काळा पट्टा. फोटो काढून पाठवला. पाच मिनिटांत त्याचा फोन आला, "तिथं बोल्टाचं भोक राहून गेलं गा, पान्याचा खोका ठेवला होता नं मी त्याच्यावर."