झोताचा वारा आणि पंधरा नॉटांचा आकडा

विमाने गवताच्या मोकळ्या मैदानावर उतरत असत तोवर आडवा वारा हा फारसा प्रश्न नव्हता. वारा जिकडून येई तिकडे नाक करून वैमानिक उतरे. पक्क्या धावपट्ट्या आल्या आणि दिशा कायमची ठरली. शेपटीखाली चाक असलेली त्या काळची विमाने उतरल्यावर वाऱ्याच्या झोताने गर्रकन फिरत, कारण त्यांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असे. १९५०च्या दशकात नाकाखाली चाक असलेली विमाने रूढ झाल्यावर ही खोड बरीच कमी झाली.

गोंधळ माजवला तो ‘डेमॉन्स्ट्रेटेड क्रॉसविंड’ या संज्ञेने. प्रशिक्षणात सर्रास वापरल्या जाणाऱ्या सेस्ना १७२ या छोट्या विमानाच्या पुस्तिकेत हा आकडा १५ नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) असा आढळतो. चाचणीच्या वेळी कसलेल्या वैमानिकाने एवढ्या आडव्या वाऱ्यात विमान उतरवून दाखवले, इतकाच त्याचा अर्थ. ती मर्यादा नव्हे आणि नवशिक्याला दिलेली हमी तर नव्हेच. तरीही फ्लाइंग क्लबांच्या खोल्यांतून तो कधी लक्ष्मणरेषा म्हणून, तर कधी परवाना म्हणून वाचला गेला, आणि माझ्या मते दुसरे वाचन अधिक घातक ठरले. ‘वारा १४ नॉट, झोत २६’ असा अहवाल आला आणि वारा पूर्ण आडवा असला, तर पंधराच्या आत बसतो तो फक्त सरासरीचा आकडा. विमानाला तडाखा देतो तो झोत.

झोतातील फरकाचा निम्मा भाग, म्हणजे या उदाहरणात ६ नॉट, उतरण्याच्या वेगात मिळवावा, असा जुना संकेत आहे. झोत ओसरताच पंखांची उचल घटते, त्यासाठी ही शिल्लक. पण तीच शिल्लक विमानाला धावपट्टीवर तरंगत ठेवते. अधीर हाताने नाक खाली दाबले, तर नाकाचे चाक आधी टेकते, विमान उसळते आणि दुसऱ्या-तिसऱ्या उसळीला नाकावरचा फिरता पंखा (प्रोपेलर) जमिनीला लागतो.

गोव्यात दाबोळीची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि पावसाळी वारा बहुधा समुद्राकडून जवळजवळ तिच्या रेषेत येतो. वळिवाच्या ढगाखाली मात्र तो क्षणात दक्षिणेचा किंवा उत्तरेचा होऊ शकतो. डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झालेल्या, पेडणे तालुक्यातल्या मोपा विमानतळाची धावपट्टीही जवळपास त्याच दिशेने आखलेली असल्यामुळे अशा दुपारी दाबोळीला आडवा असलेला वारा पेडण्यातही आडवाच भेटण्याची शक्यता अधिक.