समेट (ख्रिस्ती कौटुंबिक जीवन)

घरातील दुरावा मिटवून तुटलेले नाते जोडण्याची ख्रिस्ती रीत. क्षमा आणि समेट एकच, हा समज घोटाळ्याचा आहे. क्षमा एकट्याने करता येते, अपराधी वारलेला असला तरी; प्रार्थनेला उभे राहताना क्षमा करा, असे बायबलमधील मार्क ११:२५ सांगते. समेटाला मात्र दोघे लागतात, आणि अपराध्याचा पश्चात्ताप.

हा पश्चात्ताप पारखायचा कसा, हे योसेफाच्या कथेत (उत्पत्ती ३७–५०) दिसते. भावांनी त्याला वीस रुप्यांना विकले होते. दुष्काळात ते धान्यासाठी मिसरात (इजिप्तमध्ये) आले, तेव्हा तिथला मोठा अधिकारी झालेल्या योसेफाने त्यांना ओळखले; ओळख मात्र दिली नाही. शिमोनाला अडकवून ठेवले, धाकट्या बन्यामिनाला आणवले आणि त्याच्या गोणीत आपला रुप्याचा प्याला ठेवायला लावून त्याच्यावर चोरीचा आळ आणला. विकण्याची कल्पना मूळची यहूदाची. तोच यहूदा ‘याच्याऐवजी मला दास करा’ असे विनवू लागला, तेव्हा योसेफाने रडत ओळख दिली. तरीही सतरा वर्षांनी वडील वारताच, आता योसेफ सूड घेईल, म्हणून भाऊ पुन्हा धास्तावले.

मत्तय १८:१५–१७ मधील क्रम असा : आधी दोघांनीच एकांतात, मग एक-दोन साक्षीदार, शेवटी मंडळी (चर्चमधील विश्वासणारे). घरोघरी घडते उलटे. आधी काका-मावशांना फोन जातात आणि ज्याच्याशी बोलायचे त्याला सगळे शेवटी कळते. कबुली देताना ‘तुला वाईट वाटले असेल तर’ म्हणू नये. काय केले ते नेमके सांगावे. वाद पैशाचा वा जमिनीचा असेल तर भरपाई हवीच. जक्कय या जकातदाराने लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले (लूक १९:८). कॅथलिकांमध्ये धर्मगुरूपुढे पापनिवेदन झाले, म्हणून भावाचे बुडवलेले पैसे फिटत नाहीत.

मारहाण वा लैंगिक अत्याचार असेल तिथे एकांतातील भेटीची पायरी लावू नये. ‘साताच्या सत्तर वेळा’ क्षमा करा, हे येशूचे वचन पुढे करून सुनेला पुन्हा नांदायला धाडणे हा त्याचा सरळ गैरवापर आहे. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेतील कलम ११५३ नुसार, जोडीदारापासून स्वतःला वा मुलांना गंभीर धोका असल्यास वेगळे राहता येते. उशीर घातक ठरणार असेल तर बिशपच्या आदेशाची वाट न पाहताही. कारण संपल्यावर, चर्चने वेगळे ठरवले नसेल तर, पुन्हा एकत्र राहावे, असेही त्यात आहे. भारतातील २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा ख्रिस्ती स्त्रियांनाही लागू आहे. मनाने क्षमा केलेल्या बाईलाही त्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते.