मोटार अपघात दावा : अर्ज नेमका कुठे अडतो?

"समोरचा दारू पिऊन होता, म्हणजे आता विमा कंपनी हात वर करणार ना?" भरपाईचा दावा टाकायला आलेल्या घरच्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच. शंभर मिलीलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की चालकावर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली खटला होतो, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. तो दंड सरकारजमा होतो, जखमीला त्यातला छदाम मिळत नाही. भरपाईची वाट वेगळी : कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज. कंपनी तिथे दारूचा मुद्दा काढतेच. पण जखमी त्रयस्थ, म्हणजे विम्याच्या करारात नसलेला माणूस असेल तर बऱ्याच प्रकरणांत न्यायाधिकरण सांगतं, आधी याला पैसे द्या, मग गाडीमालकाकडून वसूल करा. तेव्हा फौजदारी खटल्याच्या निकालासाठी थांबू नका.

थांबणाऱ्यांचंच खरं नुकसान होतं. १ एप्रिल २०२२ पासूनच्या अपघातांना सहा महिन्यांची मुदत आहे आणि ती अपघाताच्या तारखेपासून मोजायची. डिस्चार्ज कधी मिळाला, दोषारोपपत्र कधी दाखल झालं, याचा तिच्याशी संबंध नाही. १९९४ च्या दुरुस्तीनंतर बरीच वर्षं मुदतच नव्हती, त्यामुळे "कधीही टाका हो" असं सांगणारे जाणकार गावोगाव आहेत. त्यांचं ऐकू नका. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. अंतरिम आदेशाच्या भरवशावर फाइल घरी ठेवण्यात शहाणपण नाही.

पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि तो अहवालच अर्ज म्हणून धरायचा, असं कायदा म्हणतो. कायदा बरंच काही म्हणतो! अहवाल गेला का, हे ठाण्यात जाऊन विचारा आणि आपला अर्ज आपण टाकाच.

आता सगळ्यात नडणारा कागद : दवाखान्याचा पहिला केसपेपर. पोलिसांची भानगड नको म्हणून नातेवाईक सांगून मोकळे होतात, "गाडीवरून घसरून पडला." डॉक्टर तेच लिहितात. महिन्याभराने धडक देणाऱ्या गाडीचा नंबर घेऊन गेलात की कंपनीचा वकील तोच कागद पुढे करतो. एफआयआर उशिरा झाली एवढ्यावरून दावा बुडत नाही, उशिराचं कारण पटण्यासारखं हवं. पण स्वतःच्याच तोंडची "घसरून पडला" ही ओळ पुसणं फार जड जातं. खरं काय ते पहिल्याच तासात सांगा.

जखमीच्याच केसपेपरवर "दारूचा वास" असा शेरा असेल तरी खचू नका. वास म्हणजे रक्ततपासणी नव्हे, आणि चूक कोणाची हा प्रश्न त्यानंतरही उरतोच. स्वतः गाडी चालवत असाल आणि तुमचाही निष्काळजीपणा सिद्ध झाला तर रक्कम त्या प्रमाणात कमी होईल. मागे बसलेला प्यायला होता म्हणून धडकेचा दोष त्याच्या माथी येत नाही.

गाडीचा पत्ताच लागला नाही तर न्यायाधिकरणाच्या पायऱ्या झिजवू नका. 'हिट अँड रन' योजनेचा अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात चौकशी अधिकाऱ्याकडे द्यायचा. मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार.

अपंगत्वाच्या दाखल्याचा घोळ तर नेहमीचाच. दाखल्यावर ४० टक्के आहे म्हणून कमाईचं नुकसानही ४० टक्केच, असं नसतं. पाय आखडला तर हमालाचा धंदाच बसतो, कारकुनाचं निभतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हा फरक स्पष्ट केला आहे. म्हणून तुम्ही काम काय करत होता याचा पुरावा जोडा. पगारपत्रक नसेल तर बँकेच्या नोंदी, सातबारा, मुकादमाची साक्ष, जे असेल ते. आणि दाखला देणारे डॉक्टर साक्षीला येतील का, हे आधीच विचारून ठेवा.

मूळ बिलं मेडिक्लेमला दिली असतील तर साक्षांकित प्रती मागून घ्या.

बाकी नेहमीचं : एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, धडक देणाऱ्या गाडीचं आरसी बुक, विमा पॉलिसी, चालकाचा परवाना, तुमचं आधार, पासबुक. मृत्यू झाला असल्यास शवविच्छेदन अहवाल आणि वारसांची कागदपत्रं. अर्ज अपघाताच्या ठिकाणी, तुम्ही राहता किंवा कामधंदा करता तिथे, किंवा प्रतिवादी राहतो तिथे करता येतो. द्रुतगती मार्गावर धडक बसली म्हणून बीडच्या माणसाने पनवेलला खेटे घालायची गरज नाही.

आणि नावं जुळवून बघा. आधारवर विठ्ठल, केसपेपरवर विठोबा, पासबुकात व्ही. के. असं असेल तर निकाल बाजूने लागूनही पैसे काढताना अडचण येते. दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्र दावा टाकण्याआधीच करून घ्या, तेव्हा काम दोन दिवसांत होतं.