अर्धशिशी आणि न सरावणारा मेंदू

पडद्यावर एक हेलिकॉप्टर तरंगत होतं आणि ते वर ठेवायची जबाबदारी माझ्या मावसबहिणीच्या डोक्यावर होती, अगदी शब्दशः. कपाळाला आणि टाळूला राखाडी पेस्ट लावून इलेक्ट्रोड चिकटवलेले, कानाच्या पाळ्यांना क्लिपा. "मन शांत ठेवा, म्हणजे वर जाईल," त्या केंद्रातला मुलगा सांगत होता. हातातल्या पत्रकावर लिहिलं होतं, मेंदूच्या लहरी संतुलित करा, मायग्रेन मुळापासून घालवा. ३० सत्रांचं 'न्यूरोफीडबॅक'चं पॅकेज.

मी हळूच म्हटलं, "ताई, जरा दात आवळ बघू." हेलिकॉप्टर धाडकन खाली. "आता जबडा सैल सोड." परत वर.

मुलाला ते आवडलं नाही. पण तिथे नेमकं काय मोजलं जात होतं, हा प्रश्न त्यातूनच सुरू होतो.

मेंदूतल्या पेशींच्या विजेचा डोक्याच्या त्वचेपर्यंत पोचणारा अंश काही मायक्रोव्होल्टचा असतो. घड्याळातल्या दीड व्होल्टच्या सेलचे एक लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे १५ मायक्रोव्होल्ट. जर्मनीतल्या येना इथे हान्स बर्गरने माणसाच्या मेंदूची अशी पहिली नोंद १९२४ मध्ये घेतली. डोळे मिटले की सेकंदाला साधारण १० आंदोलनांची अल्फा लहर ठळक होते, हेही त्यानेच दाखवलं. गंमत म्हणजे त्याला मुळात शोधायचं होतं विचारसंक्रमण, म्हणजे टेलिपथी. ती सापडली नाही, ईईजी, म्हणजे मेंदूच्या विजेचा आलेख सापडला.

न्यूरोफीडबॅक म्हणजे हीच नोंद त्या माणसाला त्याच क्षणी चित्र किंवा आवाजाच्या रूपात दाखवायची आणि हवा तो बदल झाला की शाबासकी द्यायची. अडचण अशी की कपाळाचे आणि जबड्याचे स्नायूही वीज निर्माण करतात, आणि ती मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी जोरदार असते. बीटा नावाच्या जलद लहरींच्या पट्ट्यात ती सर्रास मिसळते. म्हणजे ताईचा बीटा खरंच कमी झाला, का नुसतं तिचं कपाळ सैल पडलं, हे नुसत्या हेलिकॉप्टरवरून कळायला मार्ग नाही.

पण कपाळ सैल पडणं ही काही वाईट गोष्ट नाही. उलट डोकेदुखीसाठी बायोफीडबॅकचा (शरीरातला बदल यंत्राने दाखवून तो आवरायला शिकवण्याचा) जुना, परीक्षा दिलेला प्रकार तोच आहे. कोलोरॅडोत १९७०च्या सुमारास ताणाच्या डोकेदुखीवर कपाळाच्या स्नायूंचा फीडबॅक वापरला गेला. कॅन्ससमधल्या मेनिंजर फाउंडेशनमध्ये मायग्रेनच्या रुग्णांना बोटाला तापमापक लावून हात गरम करायला शिकवलं. (त्याच संस्थेत १९७० मध्ये योगी स्वामी राम यांनी आपल्या एकाच तळव्याच्या दोन भागांत तापमानाचा फरक पाडून दाखवला होता. त्यावरून पुढे जे पतंग उडवले गेले, त्यांची दोरी मी पकडणार नाही.) अमेरिकेतल्या २०००च्या मार्गदर्शक सूचनांनी मायग्रेन टाळण्याच्या बिनऔषधी उपायांत या दोन्हींना वरची श्रेणी दिली. या यादीत मेंदूच्या लहरींचा फीडबॅक नव्हता.

मग मेंदूत काही करण्यासारखं नाहीच का? आहे, आणि मला सगळ्यांत आवडणारा भाग तोच आहे.

रुळांशेजारी राहणाऱ्याला काही दिवसांनी लोकल ऐकू येईनाशी होते. मेंदू सरावतो. बेल्जियममधल्या लिएज इथल्या झाँ शोनेन यांच्या गटाने मायग्रेनच्या रुग्णांना काळ्यापांढऱ्या चौकटींचा सतत उलटापालटा होणारा पट दाखवला. निरोगी माणसात मेंदूचा प्रतिसाद हळूहळू उतरतो. दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांत रुग्णांचा उतरत नाही, कधी चढतोच. (नॉर्वेत, नोंद कुणाची आहे हे तपासणाऱ्याला कळू न देता पाहिलं, तेव्हा मात्र हा फरक सापडला नाही. वाद चालू आहे.)

याचंच एक भावंड आहे. ब्रिस्टलच्या ग्रे वॉल्टरने १९६४ मध्ये दाखवलं की आधी 'सावध' म्हणून एक टिक ऐकवली आणि काही क्षणांनी दिवा लावून बटण दाबायला सांगितलं, तर मधल्या काळात मेंदूच्या पृष्ठभागाचा विद्युतदाब हळूहळू ऋण बाजूला सरकतो. धनुष्याची दोरी ताणली जावी तसा. बटण दाबलं की दोरी सुटते. हा अल्फा-बीटासारखा थरथराट नव्हे, मुळात ज्या पातळीवर तो थरथराट चालतो ती पातळीच कलते. पेशींच्या वरच्या फांद्यांची उत्तेजनक्षमता वाढली आहे, असा याचा अर्थ लावतात. हाच प्रयोग पुन्हापुन्हा केला की निरोगी माणसाची दोरी ढिली पडत जाते. मायग्रेनवाल्याची ताणलेलीच राहते, झटका जवळ येतो तसा ताण वाढतो, आणि झटका आला की सगळं सुरळीत! जणू झटका म्हणजे ताणलेला फ्यूज उडणं.

तर मग दोरी हातात घ्यायला शिकवता येईल का? जर्मनीतल्या कील इथे २००० मध्ये मायग्रेनच्या दहा मुलांना दहा सत्रांत हेच शिकवलं. ही संथ पातळी मुद्दाम वर-खाली न्यायची, काही वेळा पडद्यावरची मदत न घेता. कसं, ते कुणी सांगू शकत नाही; सायकलचा तोल तरी शब्दांत कुठे सांगता येतो? सुरुवातीला या मुलांना ते निरोगी मुलांपेक्षा अवघड गेलं, सत्रांनंतर ताण उतरला, डोकेदुखीचे दिवसही कमी झाले. देखणा प्रयोग. पण दहाच मुलं.

आणि इथे जिलेबीची आठवण होते. अर्धशिशीवर सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबी खायची, कुणाकडून तरी मंत्र घालून घ्यायचा, हे आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. उपचाराविना झटका ४ ते ७२ तासांत आपोआप ओसरतो आणि माणूस उपाय शोधायला निघतो तो सगळ्यात वाईट आठवड्यात. पुढचा आठवडा बरा जाणारच होता. श्रेय जिलेबीला मिळतं किंवा हेलिकॉप्टरला. हा घोळ सोडवायला खोटा फीडबॅक दाखवलेला गट लागतो. झोपेच्या तक्रारींवर साल्झबर्गच्या गटाने २०१७ मध्ये तसं केलं, तर खऱ्या आणि खोट्या दोन्ही गटांना सारखंच बरं वाटलं.

बाहेर रिक्षाची वाट बघताना मी ताईला विचारलं, महिन्यात किती दिवस गोळी घेतेस? तिने बोटं मोजली. अठरा-वीस. साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान (मायग्रेनच्या खास गोळ्या) किंवा मिश्र वेदनाशामक गोळ्या १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरू शकते. तीस सत्रांचे पैसे भरायच्या आधी हे तिला कुणी विचारलं नव्हतं. न्यूरॉलॉजिस्टची वेळ पुढच्या गुरुवारची मिळाली आहे. तोवर ती कालनिर्णयवर गोळीच्या दिवशी लाल फुली मारते आहे.