न खेळलेल्या सामन्यांचे निकाल : फुटबॉलच्या गप्पांमागची गोष्ट

१९६३ च्या जानेवारीत इंग्लंड बर्फाखाली गाडलं गेलं होतं. मैदानं दगडासारखी गोठलेली, शनिवारमागून शनिवार सामने रद्द. एफए कप या तिथल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेची तिसरी फेरी पुरी व्हायला ६६ दिवस लागले. सगळ्यात मोठी पंचाईत झाली ती 'पूल्स'वाल्यांची. लाखो लोक दर आठवड्याला निकालांचे अंदाज बांधून, पैसे लावून कूपन भरायचे. निकालच नाहीत तर कूपनांचं करायचं काय? मग २६ जानेवारीला लंडनच्या कॉनॉट रूम्समध्ये बंद दाराआड मंडळी बसली. टॉम फिनी, टॉमी लॉटन, टेड ड्रेक, जॉर्ज यंग हे जुने नावाजलेले खेळाडू, आर्थर एलिस हे रेफरी आणि अध्यक्षस्थानी लॉर्ड ब्रॅबॅझन. (या गृहस्थांनी १९०९ मध्ये एका डुकराला टोपलीत घालून विमानातून फिरवून आणलं होतं. फुटबॉलच्या अध्यक्षपदाला तेवढी पात्रता पुरली असावी.) त्यांनी आपसात बोलून ठरवलं, अमुक संघ जिंकला असता, तमुक हरला असता, तिथे बरोबरी झाली असती. निकाल जाहीर झाले आणि ते खरे धरून बक्षिसंही वाटली गेली.

चेंडूला कुणाचा पाय लागला नाही तरी सामना होऊन गेला, निव्वळ बोलण्यात. फुटबॉलच्या गप्पांचा इतिहास सांगायला मला यापेक्षा नेमकी सुरुवात सापडत नाही. या गप्पा खेळाच्या मागून फरपटत आलेल्या नाहीत. बऱ्याचदा त्याच पुढे होत्या, आणि त्यांच्यात खेळाइतकंच हवापाणी, पगार, निवडणूक, वर्तमानपत्रातली बातमी हेही असायचं.

गंमत म्हणजे कॉनॉट रूम्स ज्या जागेवर उभ्या आहेत तिथेच पूर्वी फ्रीमेसन्स टॅव्हर्न होतं. जवळजवळ शंभर वर्षं आधी, २६ ऑक्टोबर १८६३ ला, लंडनच्या आसपासच्या क्लबांचे लोक तिथे जमले आणि फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली. नियम एका बैठकीत ठरले नाहीत, डिसेंबरपर्यंत सहा बैठका झाल्या. भांडण कशावरून? समोरच्याच्या नडगीवर लाथ मारायची मुभा असावी की नसावी. ब्लॅकहीथ क्लबचं म्हणणं, लाथ काढली तर खेळातला दम जाईल. बहुमत विरुद्ध गेलं तेव्हा ते उठून गेले आणि पुढे रग्बीच्या गोटात सामील झाले. म्हणजे हा खेळ जन्माला आला तोच पेयगृहात वाद घालत.

सामान्य माणूस या वादात शिरला तो गिरणीच्या भोंग्यामुळे. १८५० च्या कारखाना कायद्याने ब्रिटनमधल्या कापड गिरण्यांत बायकांना आणि अल्पवयीन कामगारांना शनिवारी दुपारी दोननंतर कामावर ठेवायला बंदी केली. त्यांच्याशिवाय यंत्रं चालवणं परवडेना, तेव्हा हळूहळू पुरुषांनाही अर्धी सुट्टी मिळाली. दोनला भोंगा, तीनला सामना. मधल्या तासात हातपाय धुवायचे, दोन घास खायचे आणि मैदानाकडे चालत सुटायचं. बरोबर चालणारे तेच, सकाळभर शेजारच्या यंत्रावर उभे असलेले. मुकादमाच्या तक्रारी आणि सेंटर फॉरवर्डच्या तक्रारी एकाच दमात होणार नाहीत तर काय! शनिवारची तीनची वेळ तिथे अजून टिकून आहे, गिरण्या गेल्या तरी.

बोलायला आठवडाभराचा ऐवज मिळाला तो मात्र १८८८ मध्ये. तोवर बरेचसे सामने मैत्रीचे, कधी व्हायचे कधी रद्द व्हायचे. विल्यम मॅकग्रेगर यांच्या पुढाकाराने १२ क्लबांची लीग उभी राहिली, सप्टेंबरमध्ये सामने सुरू झाले. गुण कसे द्यायचे हे तेव्हा ठरलंच नव्हतं! विजयाला दोन, बरोबरीला एक हे नोव्हेंबरात ठरलं. पण एकदा गुणतक्ता आला आणि सोमवारपासून शुक्रवारपर्यंतची सोय झाली. आपला संघ पाचवा का, तो पाचवा असायच्या लायकीचा आहे का, पुढच्या शनिवारी अमका हरला तर आपण कुठे. तक्ता म्हणजे न संपणारा 'जर-तर'.

शनिवारी रात्रीची खास फुटबॉलची वर्तमानपत्रंही याच काळात फोफावली. कुठे गुलाबी कागदावर, कुठे हिरव्या. शेफील्डचा 'ग्रीन अन' १९०७ पासून २०१३ पर्यंत छापला गेला. सामना संपल्यावर थोड्याच वेळात निकाल छापून रस्त्यावर यायचा म्हणजे मजकूर सामना चालू असतानाच जुळवावा लागे. त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासाचं वर्णन ऐसपैस आणि शेवटचे दोन गोल एका ओळीत, असा तो अंक. राहिलेलं वाचकांनी एकमेकांना सांगायचं.

मग आवाज आला. २२ जानेवारी १९२७ ला बीबीसीने आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेड यांच्या सामन्याचं धावतं वर्णन केलं. सामना १-१ असा सुटला. 'रेडिओ टाइम्स'ने मैदानाचा चौकोन पाडलेला नकाशा छापला होता. समालोचक टेडी वेकलम बोलत असताना दुसरा आवाज मध्येच चौकोनाचा आकडा सांगे, म्हणजे चेंडू कुठे आहे ते कळावं. मांडीवर नकाशा, बोट चौकोनावर, आणि खोलीतला दुसरा कोणीतरी म्हणतोय, अरे, आता चारमध्ये गेला, सरकव.

१९४८ पासून 'स्पोर्ट्स रिपोर्ट' हा कार्यक्रम लागू लागला. त्यात निकाल वाचायची एक कला झाली आणि तिचे उस्ताद जेम्स अलेक्झांडर गॉर्डन. १९७४ ते २०१३ ते निकाल वाचत होते. यजमान संघाचं नाव, त्याचे गोल, मग पाहुण्यांचं नाव, आणि तिथे क्षणभर कान टवकारायचे. पाहुण्यांचं नाव वरच्या सुरात आलं तर ते जिंकले, सूर खाली पडला तर हरले, दोन्ही नावं एकाच पट्टीत तर बरोबरी. शेवटचा आकडा यायच्या आत घरातली माणसं ओरडलेली असत. हे ऐकलं की वाटतं, निकाल काय आकड्यांतही सांगता येतो. पण यांनी तो कुणीतरी घरी येऊन सांगावा तसा सांगितला.

इटलीत गाडी वेगळ्या रुळांवर गेली. तिथे मुख्य माल होता संशय. २२ ऑक्टोबर १९६७ ला मिलान आणि इंटर यांच्या सामन्यात मिलानच्या रिव्हेराच्या फटक्यावर गोल दिला गेला. रात्री टीव्हीवर चित्रफीत संथ करून दाखवली, तर चेंडू रेषेपलीकडे गेलाच नव्हता! त्या यंत्राला तिकडे 'मोव्हिओला' म्हणत, आणि पुढची कित्येक वर्षं हाच शब्द सोमवारच्या भांडणांचं नाव होऊन बसला. १९८० मध्ये आल्डो बिस्कार्डी यांनी 'सोमवारचा खटला' अशा नावाचा कार्यक्रमच काढला. चार-पाच माणसं एकदम बोलतायत, कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. मला तो प्रकार कर्कश वाटतो, पण बिस्कार्डी एक गोष्ट हट्टाने म्हणत राहिले: हे यंत्र मैदानावर आणा. लोक हसायचे.

ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात याच गप्पांना धार आली, कारण सरकार आणि बरीचशी वर्तमानपत्रं फुटबॉलप्रेमी म्हणजे गुंड असं धरून चालली होती. फोटोकॉपीची दुकानं गल्लोगल्ली झाल्यावर लोकांनी स्वतःच पत्रिका काढल्या, 'फॅनझीन'. टाचण्या मारलेली पानं, मैदानाबाहेर हातोहात विकायची. विनोद, संघाच्या मालकाला शिव्या, मैदानावर मिळणाऱ्या बेचव खाण्याचं परीक्षण, आणि प्रेक्षकांना ओळखपत्र सक्तीचं करणाऱ्या सरकारी योजनेवर टीका. १५ एप्रिल १९८९ ला हिल्सबरोच्या मैदानावर लिव्हरपूलचे पाठीराखे चेंगरले गेले. मृतांचा आकडा पुढे ९७ झाला. चार दिवसांनी 'द सन'ने पहिल्या पानावर त्यांनाच दोषी ठरवलं. तिथे असलेल्यांना ते खोटं आहे हे माहीत होतं आणि ते एकमेकांना सांगत राहिले. ज्यूरीने पाठीराख्यांना निर्दोष म्हणायला २०१६ उजाडलं. लिव्हरपूलमध्ये ते वर्तमानपत्र आजही अनेक जण हातात धरत नाहीत.

लंडनच्या चार्लटन क्लबवाल्यांचं प्रकरण जरा हसरं आहे. त्यांचं 'व्हॅली' हे मैदान १९८५ मध्ये सुटलं आणि परत जायच्या योजनेला स्थानिक कौन्सिलने नकार दिला. आठवडाभर नुसती कुरकूर करण्याऐवजी त्यांनी 'व्हॅली पार्टी' काढली आणि मे १९९० ची कौन्सिलची निवडणूक लढवली. एकही जागा आली नाही. मतं मिळाली १४,८३८. एकाच मुद्द्यावर, तोही फुटबॉलच्या! कौन्सिलचा सूर बदलला. ५ डिसेंबर १९९२ ला चार्लटन व्हॅलीवर परतलं आणि सातव्या मिनिटाला कॉलिन वॉल्शने गोल मारला.

बाकी अलीकडचं सगळ्यांना ठाऊक आहे. १९९१ पासून रेडिओवर '६०६' मध्ये श्रोते फोन करू लागले. पहिले सूत्रधार डॅनी बेकर यांना डावपेचांपेक्षा विचित्र किस्से जास्त आवडायचे. २००२ पासून खेळाडूंच्या बदलीला ठरावीक मुदती आल्या आणि सामने नसलेले महिनेही अफवांनी भरले. फोनवरच्या ग्रुपमध्ये आता गोलच्या पाठोपाठ पावसाची बातमी येते आणि तिच्यापाठोपाठ पुन्हा गोल.

आणि बिस्कार्डींचं यंत्र? २०१७ च्या ऑगस्टमध्ये इटलीच्या लीगमध्ये व्हीएआर, म्हणजे चित्रफीत बघून रेफरीचा निर्णय तपासायची सोय, आलं. ऑक्टोबरमध्ये ते वारले, म्हणजे जेमतेम बघून गेले. आता वाद मिटणार असं बऱ्याच जणांना वाटलं होतं. पण ऑफसाइड ठरवायला पडद्यावर रेषा ओढल्या जाऊ लागल्या (त्यात हात धरत नाहीत) तसा नवाच प्रश्न निघाला, हात नेमका सुरू कुठून होतो? २०२० मध्ये नियम करणाऱ्यांना लिहून द्यावं लागलं की हाताची वरची हद्द म्हणजे काखेचा खालचा भाग. तेव्हापासून गोल झाला की आधी काख बघतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो वळसाही आता व्हीएआर चार मिनिटांत घालून येतं.