लेमन युकॅलिप्टसचं तेल आणि पीएमडी: गोचिडीला अडवतं कोण?

गोचिडीसाठी 'काहीतरी नैसर्गिक' शोधायला निघालं की दोन बाटल्या हमखास एकच समजल्या जातात. एकीत असतं लिंबाच्या वासाच्या निलगिरीचं सुगंधी तेल. दुसरीत असतो त्याच झाडापासून तयार केलेला, पीएमडी नावाचं द्रव्य भरपूर असलेला अर्क. झाड एकच आणि दोन्हींवर नाव 'लेमन युकॅलिप्टस'. पण अमेरिकेची आरोग्य यंत्रणा सीडीसी गोचिडीपासून बचावासाठी जे सुचवते, ते फक्त दुसरं.

फरक पडतो तो पानं उकळल्यानंतर. वाफेवर काढलेल्या तेलात मुख्य भाग सिट्रोनेलालचा असतो. लिंबासारखा तो वास त्याचाच. पीएमडी त्यात जेमतेम एक-दोन टक्के निघतं. या तेलावर आम्लाची प्रक्रिया केली की सिट्रोनेलालचं रूपांतर पीएमडीत होतं, आणि अर्कात त्याचं प्रमाण साधारण 65 टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे ज्याच्यामुळे गोचीड लांब राहते ते द्रव्य बाटलीत बहुतांशी या प्रक्रियेनंतरच येतं.

सिट्रोनेलाल चटकन उडतं. लावल्या लावल्या वास घमघमतो, म्हणून आपल्याला वाटतं काम जोरात चाललंय; थोड्या वेळात त्वचेवर फारसं काही उरत नाही. पीएमडीचा वास मंद असतो, पण ते सावकाश उडतं आणि काही तास टिकतं. वासाच्या जोरावर तेल पारखायची आपली सवय इथे नेमकी उलटी पडते.

टिकणं इतकं महत्त्वाचं का, हे गोचीड पाहिली की कळतं. ती उडत नाही, उडी मारत नाही. गवताच्या पात्यावर किंवा पालापाचोळ्यावर मागच्या पायांनी घट्ट धरून बसते आणि पुढचे दोन पाय हवेत पसरून ठेवते. त्या पायांच्या टोकाजवळच वास आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड ओळखणारं इंद्रिय असतं. बाजूने कोणी घासून गेलं की पकडते आणि मग चावायला जागा शोधत अंगावर बराच वेळ फिरते. या सगळ्या वेळात त्वचेवर काहीतरी शिल्लक असायला हवं. सकाळी लावून दुपारपर्यंत उडून गेलेलं तेल रानात असलेल्या माणसाला काय कामाचं?

उटीहून येणारं, सर्दीला हुंगायचं निलगिरी तेल तर तिसरंच. ते दुसऱ्या जातीच्या निलगिरीचं असतं आणि त्यात मुख्यतः सिनिओल असतं. गोचिडीसाठी त्याच्यावर भिस्त ठेवू नये. शिवाय ते पोटात गेलं तर लहान मुलांना झटके येऊ शकतात, म्हणून बाटली हाताला लागेल अशी ठेवू नका.

आपल्याकडे हा विषय नुसत्या हौशीचा नाही. 1957 मध्ये शिवमोग्ग्याच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला माकडताप आता गोव्यात सत्तरीत आणि सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याच्या पट्ट्यातही आढळतो. तो पसरवणाऱ्या गोचिडीची पिल्लं खसखशीच्या दाण्यासारखी बारीक असतात, आणि त्यांचा हंगाम नेमका काजूच्या हंगामाशी जुळतो. पाला तुडवत, वाकून बिया गोळा करणाऱ्या माणसाला 'घरगुती तेल लाव' असा सल्ला देणं मला धोक्याचं वाटतं. माकडतापाच्या भागात आरोग्य खातं 'डेपा' तेल वाटतं. त्यालाही तेलच म्हणतात, पण ते डीआरडीओच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं रसायन आहे. ते मिळत असेल तर तेच लावा. सोबत पूर्ण बाह्यांचे कपडे, मोज्यात खोचलेली पँट, आणि घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून काखा, जांघा, कानामागे तपासणं.

बाटली विकत घेताना पुढचं चित्र सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. पीएमडीचं प्रमाण लिहिलेलं असेल तर ती कामाची. 'शंभर टक्के शुद्ध सुगंधी तेल' लिहिलं असेल तर ती कामाची नाही, कितीही महाग असली तरी. पीएमडी तीन वर्षांखालच्या मुलांना लावत नाहीत, आणि डोळ्यांत गेलं तर चांगलंच झोंबतं.

आता कुत्रा-मांजर. इथे दोन्ही बाटल्या बाजूला ठेवा. माणसासाठीचं पीएमडी प्राण्यांना लावायचं नाही, कारण ते अंग चाटतात. सुगंधी तेलांची गत आणखी वाईट. या तेलांतली बरीच द्रव्यं निकामी करून बाहेर टाकायला जी क्रिया यकृतात लागते, ती मांजरात फार दुबळी असते. न पातळ केलेलं टी ट्री तेल लावल्याने कुत्र्या-मांजरांना थरथर, लाळ गळणं, मागचे पाय लुळे पडणं असे त्रास झाल्याच्या शेकडो नोंदी आहेत. आणि कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड घरातच वाढते. पोट भरलं की खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत, बिछान्याखाली हजारो अंडी घालते. अंगावर चार थेंब चोळून त्या अंड्यांचं काय होणार? गोचिडीमुळे होणाऱ्या टिक फिव्हरमध्ये रक्तातल्या प्लेटलेट्स झपाट्याने उतरलेलं कुत्रं ज्यांनी पाहिलंय, ते प्रयोग करत बसत नाहीत. पशुवैद्याकडून वजनाप्रमाणे गोळी किंवा मानेवर सोडायचं औषध घ्या, घराच्या फटी साफ करा. घरात मांजरही असेल तर ते आधी सांगा: कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेततं.

चिकटून बसलेल्या गोचिडीवर मात्र यातलं काहीच टाकू नका, रॉकेलही नाही. बारीक चिमट्याने अगदी त्वचेजवळ धरा, न पिळता सरळ वर ओढा, बोटांनी चिरडू नका, आणि जागा साबणाने धुवा. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.