घर्षण टर्की कॉलची देखभाल

उत्तर अमेरिकेतील रानटर्कीच्या शिकारीत मादीचा आवाज काढून नराला जवळ बोलावण्यासाठी जी साधने वापरतात त्यांना टर्की कॉल म्हणतात. त्यांपैकी दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासून वाजणारे ते घर्षण कॉल. अलास्का सोडून अमेरिकेच्या सर्व राज्यांत या पक्ष्याची शिकार चालते. तिचा मुख्य हंगाम वसंतातला, म्हणजे नर माद्यांच्या शोधात असतात तेव्हाचा. हंगाम काही आठवड्यांचाच असतो आणि उरलेले वर्ष कॉल कपाटात पडून राहतो. बहुतेक बिघाड याच काळात होतात.

घर्षण कॉलचे मुख्य प्रकार दोन. पॉट कॉलमध्ये लाकडी किंवा प्लास्टिकच्या उथळ, गोल डबीवर पाटीचा दगड, काच, क्रिस्टल किंवा अॅल्युमिनियमची चकती चिकटवलेली असते. चकतीखाली थोड्या अंतरावर आवाज घुमवणारी दुसरी पातळ चकती आणि डबीच्या तळाला भोके असतात. वरच्या चकतीवर स्ट्रायकर नावाची दांडी पेन्सिलीसारखी धरून फिरवतात. बॉक्स कॉल म्हणजे पातळ भिंतींची लांबट लाकडी पेटी. तिचे झाकण एका टोकाला स्प्रिंग व स्क्रूने बसवलेले असते आणि ते पेटीच्या कडांवरून आडवे ओढले की आवाज निघतो. झाकण बिजागरीसारखे फिरणाऱ्या बॉक्स कॉलचे पेटंट आर्कान्सातील डार्डनेल गावच्या हेन्री गिब्सन यांनी 1897 मध्ये घेतले.

आवाज येतो तो अडक-घसर क्रियेतून. दांडी क्षणभर अडकते, सुटते, पुन्हा अडकते, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा घडते. सारंगीच्या गजाला राळ लावतात तेही याचसाठी. पृष्ठभाग गुळगुळीत झाला की दांडी अडकतच नाही, नुसती सरकते. शाळेच्या पाटीवर तेलकट हात फिरला की पेन्सिल उमटत नाही, ते ज्यांनी अनुभवले आहे त्यांना पॉट कॉलचा निम्मा आजार कळला. बोटांचे तेल हा त्याचा पहिला शत्रू आहे. म्हणून डबी बाजूने, बोटांच्या टोकांवर धरतात. तळहातावर ठेवली तर खालची भोके झाकली जाऊन आवाज दबतो, आणि वादक उगाच चकती घासत बसतो.

चकती खरखरीत करण्याला कंडिशनिंग म्हणतात. पाटीचा दगड मऊ असतो. त्याला स्वयंपाकघरातल्या हिरव्या घासणीसारखा स्क्रबर किंवा 150 ते 220 नंबरचा पॉलिश पेपर पुरतो, तोही हलक्या हाताने. काच आणि क्रिस्टल कठीण. त्यांना 80 ते 100 नंबरचा एमरी पेपर, ड्रायवॉल (जिप्समच्या तक्त्यांची भिंत) घासायची जाळी किंवा कॉलसोबत मिळणारा लहान दगड लागतो आणि जोरही लावावा लागतो. अॅल्युमिनियमला साधारण 100 ते 120 नंबर चालतो. सगळी चकती घासायची गरज नसते. कडेपासून थोडे आत, रुपयाच्या नाण्याएवढ्या दोन-तीन जागा पुरतात. त्या एकाच दिशेने घासायच्या आणि स्ट्रायकर त्या ओरखड्यांना आडवा चालवायचा. उडालेली भुकटी कोरड्या फडक्याने पुसावी किंवा डबी उलटी करून टिचकीने झाडावी. तोंडाने फुंकली तर श्वासातला ओलावा चकतीवर बसतो. काचेवर तेलाचा डाग पडला असेल तर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाळल्यावरच घासावे. नाहीतर तेल ओरखड्यांत पसरते. दगड किंवा काच घासण्याचे काम घराबाहेर करावे, ती धूळ नाकात जाणे चांगले नाही.

कॉल नीट वाजेना की सगळे चकतीकडे बघतात, पण दोष बहुधा स्ट्रायकरच्या टोकाचा असतो. लाकडी टोकात चकतीची भुकटी दाबली जाऊन त्यावर काळपट, चकचकीत थर चढतो. टोक 220 नंबरच्या पॉलिश पेपरवर किंवा स्क्रबरवर टेकवून दोन-चार वेळा फिरवले की हा थर निघतो. टोकाची मूळ गोलाई मात्र राखायची. चपटे किंवा अणकुचीदार झाले की सूर बदलतो. दगडासाठी आणि काचेसाठी वेगळे स्ट्रायकर ठेवणे शहाणपणाचे, कारण एकाची भुकटी दुसऱ्यावर जाते. लाकडी टोक ओले झाले की मुके होते. पावसाळी दिवशी काचेच्या चकतीबरोबर कार्बन किंवा अॅक्रिलिकच्या टोकाचा स्ट्रायकर जवळ बाळगतात तो याचमुळे.

बॉक्स कॉलचा नियम नेमका उलटा : त्याला पॉलिश पेपर कधीही लावू नये. झाकणाच्या खालच्या बाजूचा बाक आणि कडांचा आकार यांवरच त्याचा सूर ठरलेला असतो. लाकूड एकदा घासले गेले की सूर परत येत नाही, आणि चांगले बॉक्स कॉल असेच मारले जातात. इथे पकड येते खडूने. खडू तेल व मेण नसलेला हवा, रंग कोणताही चालतो. मेणाचा अंश असलेला खडू लाकडाच्या छिद्रांत बसतो आणि झाकण कायमचे घसरू लागते. खडू झाकणाच्या खालच्या बाजूला पातळ लावायचा. जास्त झाला तर आवाज घोगरा होतो. जुना थर चकाकू लागला तर हिरवा स्क्रबर अगदी हलका फिरवून तो काढावा आणि नव्याने खडू लावावा.

झाकणाचा स्क्रू शक्यतो फिरवू नये. फिरवणे भागच असेल तर आधी पेन्सिलीने त्याच्या खाचेची जागा लाकडावर खुणावून ठेवावी आणि एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये. चालताना झाकण आपोआप वाजून पक्षी सावध होऊ नये म्हणून पेटीला रबर बँड लावतात, काही जण आत फडके घालतात. हंगाम संपल्यावर रबर काढून ठेवावे, कारण ते जुने झाले की विरघळून लाकडाला चिकटते.

या दोन मुख्य प्रकारांखेरीज बटण दाबून वाजवायचा पुश-बटण कॉलही असतो. त्यात घासणारे भाग आत बंद असतात. त्याला उत्पादकाने सांगितलेली निगा पुरे, उघडून जुळवाजुळव करू नये.

भिजलेला बॉक्स कॉल सावलीत, वाऱ्यावर वाळवतात. हीटरजवळ ठेवला तर पातळ भिंती वाकतात किंवा चिरतात. उन्हात उभ्या गाडीत ठेवलेल्या पॉट कॉलचा गोंद सैल होतो. नीट घासूनही आवाज बद्द येत असेल तर चकतीची कड नखाने हलवून पाहावी. ती हलत असेल, किंवा डबी हलवल्यावर आत खुळखुळत असेल, तर घासण्याने काही होणार नाही, चकती नव्याने चिकटवावी लागते.